यावलहून खडकीला

डिसेंबर उजाडला की शाळेत एक छोटंसं कागदी निशाण हातात पडतं. तांबडा, गडद निळा आणि फिका निळा असे तीन पट्टे त्यावर असतात. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे ते रंग. तुम्ही घरून आणलेले पाच-दहा रुपये वर्गशिक्षकांच्या हातावर ठेवता, निशाण टाचणीनं खिशाला लावता, आणि मधल्या सुट्टीतल्या धावपळीत ते कुठंतरी पडूनही जातं. ७ डिसेंबरचा हा सशस्त्र सेना ध्वजदिन आपल्या देशात १९४९ सालापासून पाळला जातो.

पण मित्रांनो, हे पैसे पुढं जातात तरी कुठं, असं कधी तुमच्या मनात आलं का? त्यातून माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत होते, वीरपत्नींना आधार मिळतो, अशी पुष्कळ कामं होतात. त्यांतलीच एक वाट पुण्याजवळच्या खडकीला जाते. आज आपण त्या वाटेनं जाऊन येऊ. निघायचं यावलहून. तुमच्यापैकी काही जण यावलचे असतीलच. जे नाहीत त्यांनी थोडा वेळ यावलकर व्हायचं. कबूल?

यावल हे जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधे काळी कसदार जमीन. त्या जमिनीत नजर पोचेल तिथवर केळी. गावात निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. एके काळी हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. याच तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन! असा हा मुलूख. इथल्या गावागावांतून लष्करात गेलेली माणसं आहेत. कुणाचे काका, कुणाचे मामा, कुणाचे आजोबा.

यावलहून एस.टी. पकडायची. दोन्हीकडे केळीच्या बागा मागं पडत जातात, तापीचा पूल लागतो, आणि वीसेक किलोमीटरवर येतं भुसावळ. भुसावळ म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन. देशाच्या चारही दिशांच्या गाड्या इथं थांबतात. आपण झेलम एक्सप्रेसनं जाऊ. ही गाडी जम्मू आणि पुणे यांना जोडते. तिकडं सीमेवरची ठाणी, इकडं पुण्याच्या लष्करी छावण्या. त्यामुळं या गाडीत सुट्टीवर निघालेले किंवा सुट्टी संपवून परतणारे जवान हमखास भेटतात. बाकाखाली सरकवलेली काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव आणि नंबर. ती दिसली की ओळखायचं!

जळगाव, चाळीसगाव, मनमाड, मग कोपरगाव, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, असं करत आठ-दहा तासांत पुणं येतं. पुण्याला उतरून लोणावळ्याकडं जाणारी लोकल धरायची. पहिलं स्टेशन शिवाजीनगर, पुढचं खडकी. उतरायचं इथंच.

खडकीचं नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई इथंच झाली. पुढं इंग्रजांनी छावणी वसवली. आजही इथं रुंद, सावलीचे रस्ते, दारूगोळ्याचा कारखाना आणि बॉम्बे सॅपर्स या नावाजलेल्या पथकाचं ठाणं आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राखलेली शांत दफनभूमीही आहे. पण आपल्याला जायचंय ते लढाईत मेलेल्यांकडं नव्हे. जे जगले, त्यांच्याकडं.

तुटलेली केबल

खडकीतल्या या संस्थेचं नाव जरा लांबलचक आहे : पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. १९७४ साली ती सुरू झाली. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचं कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग लुळं पडलं, अशा सैनिकांसाठी ती आहे. इस्पितळ म्हणावं तर इथं औषधोपचार आहेत, व्यायाम आहेत, परिचारक आहेत. घर म्हणावं तर इथं माणसं वर्षानुवर्षं राहतात. दोन्ही म्हटलं तरी चालेल.

अंग लुळं पडतं म्हणजे नेमकं काय होतं? यावलच्या मुलांना हे चटकन कळेल. विहिरीवर पाण्याची मोटर असते. शेतातल्या खोपटात स्टार्टर असतो. दोघांना जोडते ती केबल. आता समजा, मोटर धडधाकट आहे, स्टार्टरही चांगला आहे, पण नांगराच्या फाळानं केबल मधेच तुटली. मग? बटण कितीही दाबा, पाण्याचा थेंब येणार नाही!

आपल्या पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून अशीच एक केबल जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. जाडीला करंगळीएवढा, लांबीला साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. मेंदूचे हुकूम त्यातून हातापायांकडं जातात, आणि हातापायांच्या बातम्या त्यातूनच मेंदूकडं येतात. गोळी लागली, बॉम्बचा तुकडा घुसला, जीप दरीत कोसळली, बर्फाच्या कड्यावरून पाय घसरला, की हा रज्जू चिरडला जाऊ शकतो. तसं झालं तर तो पुन्हा पूर्ववत करण्याचा उपाय अजून वैद्यकशास्त्राला सापडलेला नाही. कमरेच्या वर इजा झाली तर पाय जातात. मानेत झाली तर हातही जातात. मेंदू मात्र अगदी ठाकठीक असतो. सगळं कळतं, सगळं आठवतं, राग येतो, हसू येतं. एवढंच, की बटण दाबलं तरी मोटर सुरू होत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. अशी इजा होण्यासाठी मोठं युद्धच व्हायला हवं असं नाही. १९६५, १९७१, १९९९ ही साली आपल्याला पाठ असतात. पण तोफा थांबल्यावरही डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून लष्कराचे ट्रक चालतात, बर्फातली ठाणी राखावी लागतात, सराव करावा लागतो. वर्तमानपत्रात ज्याची ओळही येत नाही अशा दिवशी एखाद्या बावीस वर्षांच्या जवानाचं आयुष्य बदलून जातं. त्याला पदक मिळतंच असं नाही. चाकांची खुर्ची मात्र जन्मभर मिळते.

दोन तासांचं घड्याळ

आता एक प्रयोग करा. हा मजकूर वाचायला लागल्यापासून तुम्ही बसल्या जागी किती वेळा हललात? पाय बदलला, कूस बदलली, पाठ खाजवली? आपल्याला कळतही नाही, पण एका जागी दाब पडला की शरीर कुरकुर करतं आणि आपण हलतो. ज्यांची केबल तुटली आहे त्यांना ती कुरकुर ऐकूच येत नाही. मग त्या जागेचा रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि जखम होते. ही जखम हाडापर्यंत जाऊ शकते, जीवसुद्धा घेऊ शकते. म्हणून अंथरुणावरच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. दिवसा, रात्री, दिवाळीला, पाडव्यालासुद्धा. खुर्चीत बसलेल्यानं हातांवर जोर देऊन अधूनमधून स्वतःला उचलायचं.

पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले सैनिक बहुधा काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत दगावत. डॉक्टरसुद्धा आशा सोडून देत. हे चित्र बदलणाऱ्यांत लुडविग गुटमन या डॉक्टरांचं नाव फार मोठं आहे. ते ज्यू होते. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली त्यांना इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. तिथं स्टोक मँडेव्हिल गावच्या इस्पितळात १९४४ साली त्यांच्याकडं कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग सोपवण्यात आला. त्यांनी दोन नियम केले. एक, दर दोन तासांनी रुग्णाला वळवायचंच, आणि ते होतंय की नाही हे पाहायला ते रात्रीसुद्धा फेरी मारत. दुसरा, रुग्णानं नुसतं पडून राहायचं नाही. काम शिकायचं आणि खेळायचं! २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्च्यांवरून धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. खेळाडू होते फक्त सोळा. त्या सोळा जणांच्या खेळातूनच पुढं पॅरालिंपिकचा जन्म झाला.

आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात येतो, बरं का! सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या इस्पितळात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पोहायला लावलं. सात वर्षांनी, १९७२ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलंच सुवर्णपदक. पण त्यांचं नाव घराघरांत पोचायला किती काळ जावा लागला? पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला २०२४ साली!

खडकीच्या केंद्रातही काम आणि खेळ ही दोन चाकं फिरत ठेवलेली आहेत. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळला जातो. विणकाम, संगणक अशी कामं शिकवली जातात. ज्यांचे हातही गेले आहेत त्यांच्यापैकी काही जण दातांत कुंचला धरून चित्रं काढतात. तुम्ही घरी एकदा दातांत पेन्सिल धरून स्वतःचं नाव लिहून पाहा. मग कळेल, त्या चित्रातली एक एक रेष किती मोलाची आहे.

खडकीत आणखी एक जुनी संस्था आहे, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी ती १९१७ साली मुंबईत निघाली आणि पुढं खडकीला आली. आणि पुण्यातच सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते १९४४ पासूनचं. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं जखमी सैनिक गाड्या बदलत या पुण्याच्या परिसरात येत आहेत. आपण आलो तसेच. फक्त त्यांतल्या कित्येकांना उतरताना कुणीतरी उचलून घ्यावं लागलं.

मदत करायची म्हणजे काय?

आता मुद्द्याची गोष्ट. इथं आपण, म्हणजे डॉक्टर नसलेली, पैसेवाली नसलेली साधी मुलं, काय करू शकतो?

आधी परवानगी. ही लष्करी वस्ती आहे, वाटेल तेव्हा आत शिरता येत नाही. शाळेच्या नावानं आधी पत्र लिहायचं, कोण येणार, किती जण, कधी, हे कळवायचं आणि उत्तर आल्यावरच निघायचं. सोबत शिक्षक किंवा पालक हवेतच. कुणाला खोकला-सर्दी असेल तर त्या दिवशी घरीच थांबायचं. आपल्याला जी सर्दी चार दिवसांत सोडते ती तिथल्या एखाद्या काकांना महिनाभर अंथरुणाला खिळवू शकते, कारण जोरात खोकण्यासाठी लागणारे पोटाचे स्नायूही त्यांचं ऐकत नाहीत.

आत गेल्यावर काय कराल? बहुतेकांना वाटतं, लगेच जाऊन खुर्ची ढकलावी. थांबा! ती नुसती खुर्ची नाही, ते त्यांचे पाय आहेत. तुम्ही रस्त्यानं चालला असताना कुणी न विचारता मागून तुमची कंबर धरून तुम्हाला चालवायला लागलं तर? म्हणून आधी विचारायचं, "काका, ढकलू का?" ते 'नको' म्हणाले तर नको. खुर्चीला टेकून उभं राहायचं नाही. पलंगाजवळ ठेवलेली खुर्ची वाटेत येते म्हणून दूर सरकवायची तर मुळीच नाही. तुम्ही परत जाल, आणि ती खुर्ची दोन हातांवर, पण पोचेना अशा जागी राहील.

बोलताना शेजारी स्टुलावर बसा. उभ्यानं बोललात तर त्यांना मान वर करून पाहावं लागतं. चहाचा गरम कप त्यांच्या मांडीवर कधीच ठेवू नका. भाजलं तरी त्यांना कळणार नाही. 'अरेरे, बिचारे!' हा शब्द गेटाबाहेर ठेवून यायचा. आणि 'कसं झालं हो हे?' असं पहिल्याच भेटीत विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगतील.

मग करायचं काय? वर्तमानपत्र वाचून दाखवा. कॅरम, बुद्धिबळ खेळा, आणि मुद्दाम हरू नका! ते लगेच ओळखतात. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी पुस्तकाचं पान उलटा, घरी फोन लावून कानाशी धरा, एखादा अर्ज भरून द्या. आणि गप्पा मारा. तुम्ही 'यावल' म्हणालात की कुणीतरी नक्की विचारील, "यावल म्हणजे भुसावळच्या पलीकडचं का रे?" कारण जम्मूकडं जाताना-येताना भुसावळच्या फलाटावर कितीतरी जवानांनी केळी घेतलेली असतात. मग सांगा त्यांना केळीच्या बागेतलं. यंदा भाव काय मिळाला, वादळात किती खांब आडवे झाले, सातपुड्यावर पाऊस कसा पडला. ज्यांचं लहानपण शेतात गेलं त्यांना बाहेरच्या जगाची ही बातमी टॉनिकसारखी असते.

एक प्रश्न मात्र जाण्यापूर्वीच स्वतःला विचारा. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, राखीपौर्णिमेला अशा ठिकाणी पाहुणे येतात. गाणी होतात, मिठाई वाटतात, फोटो निघतात. चांगलंच आहे ते. पण सोळा ऑगस्टला कोण येतं? दोन तासांनी कूस बदलायची ती सोळालाही बदलायची असते आणि सतरालाही. वर्षातून एकदा पन्नास मुलांनी जाऊन राष्ट्रगीत म्हणण्यापेक्षा दोन मुलांनी महिन्याच्या ठरलेल्या रविवारी जाणं जास्त मोलाचं. 'पुढच्या वेळी येतो' असं तोंडातून निघालं की यायलाच हवं. नाही जमणार तर तसं म्हणूच नका. सैनिक शब्दाला पक्के असतात, आणि समोरच्याचा शब्दही ते धरून ठेवतात. वाट पाहायला त्यांच्याकडं आपल्यापेक्षा जास्त वेळ असतो.

आणि ज्यांना जाता येत नाही?

तुम्ही म्हणाल, "पुण्याच्या मुलांचं ठीक आहे. यावलहून दर महिन्याला खडकीला कसं जाणार?" अगदी खरं. पण खडकीला जाऊन जे शिकलो ते यावलमध्येच वापरता येतं की!

तुमच्या गल्लीत, शेजारच्या खेड्यात माजी सैनिक आहेत. पाय धड असलेले, पण गुडघे दुखणारे. ऐकायला कमी येणारे. मुलं नोकरीला लांब गेल्यामुळं एकटे पडलेले. शोधून काढा. दर वर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून 'जीवन प्रमाण' या सोयीनं हा दाखला घरबसल्याही देता येतो. पण ऐंशी वर्षांच्या आजोबांना मोबाइलचं ते तंत्र कसं जमायचं? तुम्हाला मात्र ते चुटकीसरशी जमतं. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या आणि आजोबांना मदत करा. फक्त त्यांचा पासवर्ड, खात्याचा क्रमांक लक्षात ठेवायचा नाही, आणि कुणाला सांगायचा तर नाहीच नाही. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी २००३ पासून सरकारची आरोग्य योजना आहे. तिचं कार्ड काढलेलं आहे का, तेही विचारा. अडलं तर जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं पत्र लिहा.

आणि काम झालं की लगेच उठून पळू नका. दहा मिनिटं बसा. "आजोबा, तुमचं पहिलं पोस्टिंग कुठं होतं?" एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या. लडाख, नेफा, ढाका, सियाचीन... आपल्याच गल्लीतला माणूस कुठं कुठं राहून आला आहे हे ऐकून तुम्ही चाट पडाल. यावलच्या मुलांनी यावल तालुक्यातल्या सैनिकांची अशी एक वही केली तर? इतिहासाच्या पुस्तकात न येणारा इतिहास तिच्यात येईल.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करायची. एक, वर्गात बसून खडकीच्या केंद्राला एक पत्र लिहायचं. आपल्या गावाबद्दल चार ओळी, एखादं चित्र, आणि भेटीची परवानगी हवी असेल तर तीही मागायची. दुसरं, गावातल्या एका तरी माजी सैनिकाचं दार वाजवायचं. त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला जरूर कळवा. आम्ही वाट पाहतो आहोत.